दोन इंच चार सेंट

पाऊस मोजायचं भांडं कुरंडटोल्यात कुठं पुरायचं, यासाठी साहेबानं तीन जागा पाहिल्या. पाटलाच्या घराजवळ चिंच होती, तिची फांदी आड येत होती. शाळेजवळ शाळाच आड येत होती. लटारूचं अंगण मात्र चहूकडून उघडं होतं. अंगणात एक आंबा होता, तो मागच्या वैशाखात वावटळीनं पाडला होता, आणि पडताना त्यानं कुडाची भिंतही सोबत नेली होती. शिवाय लटारूला लिहिता येत होतं. पस्तिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून तो अक्षरं शिकला होता आणि ती अजून त्याला नव्या जोड्यासारखी चावत होती. आकडे मात्र तो झरझर लिहायचा.

ही चोपन्न सालची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या मोठ्या गावांना अशी भांडी आधीच होती. कुरंडटोल्याला ते पहिल्यांदाच आलं. जस्ताचा डबा, वर पितळी काठाचं नरसाळं, आत काचेची बाटली. साहेबानं चुन्याचा ओटा बांधून घेतला, भोवती तारेचं कुंपण केलं, कुंपणाला फाटक आणि फाटकाला कुलूप लावलं. साहेबाचं नाव बोरवणकर. नागपूरकडचा, अंगानं काडी, बोलणं हळू. जमलेल्या गावाला त्यानं सांगितलं,

"गावात पाऊस किती पडला ते या भांड्यात दिसेल. इथून आकडा वर जाईल. असे देशभरातले आकडे नकाशावर मांडतात, मग पाऊस कुठून कुठं सरकतो ते कळतं. एक ध्यानात ठेवा. यात पाणी दिसल्याशिवाय सरकार मानत नाही."

गावानं मान हलवली. साहेब काय बोलला ते प्रत्येकानं आपापल्या परीनं घरी नेलं.

लटारूचं काम सोपं होतं. सकाळी आठ वाजता, म्हणजे शाळेची पहिली घंटा झाली की, कुलूप काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेसमोर आणून आकडा पाहायचा आणि रजिस्टरात लिहायचा. इंच आणि सेंट. शंभर सेंटांचा एक इंच. एका इंचाच्या वर पाऊस झाला तर त्याच दिवशी वडसा स्टेशनावर जाऊन तार करायची. रजिस्टराच्या पानांवर आकडे छापलेले होते आणि शिक्के मारलेले होते. पान फाडायचं नाही, आकडा खोडायचा नाही. जे दिसेल ते लिहायचं, मनचं लिहायचं नाही.

मृग बरा बरसला. धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, भिजल्या; रोपांचे पऱ्हे हिरवेगार वर आले. जुलैच्या तीन तारखेला शेवटची सर पडली आणि मग आभाळानं पाठ फिरवली.

गावाच्या डोक्यावर तलाव होता. त्यात निम्मं पाणी होतं. तलाव पूर्वी मालगुजाराचा, आता सरकारचा. पाणी सोडायचं तोंड, ज्याला तुडूम म्हणतात, त्याच्या लाकडी खुंट्याला सरकारी साखळी लागली होती. साखळीची किल्ली वडशाला ओव्हरसियर देवतळ्याजवळ. देवतळ्याचा नियम असा, की भांड्याच्या रजिस्टरात लागोपाठ पंधरा दिवस शून्य असेल तरच तुडूम उघडायचं. एक दिवस जरी पाऊस लागला तरी मोजणी पुन्हा एकापासून.

त्यामुळं गावाचा सगळा जीव लटारूच्या शून्यात अडकला.

"काय बे लटारू, आज किती शून्य पडलं?" शेजारचा वारलू रोज कुंपणाशी येऊन विचारायचा. दात घासायची कडुलिंबाची काडी त्याच्या गालात असायची.

"एकच पडते रोज," लटारू म्हणायचा.

"पाय बरं नीट. एखाद्या वेळी दोन पडतीन."

लटारू बाटली उलटी करायचा, कोरडी काच उन्हात धरायचा आणि मन लावून शून्य काढायचा. शून्य मात्र त्याचं फार देखणं यायचं. प्रौढांच्या वर्गात मास्तरानं तेवढ्याचीच तारीफ केली होती.

आठ दिवस गेले. बांधीतला चिखल आधी दह्यासारखा झाला, मग खापरासारखा. दहाव्या दिवशी भेगांत बोट जाऊ लागलं. पऱ्ह्यांची टोकं पिवळी पडली. महिन्याच्या वरचे पऱ्हे, त्यांचा आता रोवणा, म्हणजे लावणी, व्हायला हवा होता. लटारूची बायको मनकर्णा सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून दोन-दोन घागरी आणून पऱ्ह्यांवर शिंपडायची. तिच्या डोक्यावरची चुंबळ वाळायचीच नाही, आणि मान इतकी आखडली की कोणी हाक मारली तर तिला सगळं अंगच फिरवावं लागायचं.

विहिरीवर बायकांचं बोलणं एकाच गोष्टीचं.

"गावभर पानी मागून राह्यले देवाले," म्हातारी रुखमा म्हणाली, "अन् हिचा नवरा रोज सरकारले लिहून देते का पानी नाई म्हून. मंग सरकार कायले देईन?"

"शून्य लिहा लागते मावशी," मनकर्णा म्हणाली. "पंधरा शून्य झाले का तुडूम उघडते."

"हे कोन्या शास्त्रात हाय? आमी तं आयकलं साहेबाच्या तोंडानं. यात पानी दिसल्याबिगर सरकार मानत नाई. मानत नाई म्हनला का नाई?"

"म्हनला," दुसऱ्या दोघी म्हणाल्या.

"मंग? महादेव मानत नाई तं आपन काय करतो? पिंडीवर पानीच घालतो ना? का शून्य लिहून देतो?"

बायका हसल्या. मनकर्णाही हसली, पण घागर उचलताना तिचं हसू राहिलं नाही. तिनं वर पाहिलं, आभाळ घासलेल्या परातीसारखं चकचकत होतं.

तेरा तारखा शून्याच्या व्हायला आल्या. सोळा जुलैची सकाळ. लटारू हातपाय धुऊन आला, खुंटीवरची किल्ली घेतली, घंटा ऐकली, फाटक उघडलं. नरसाळं काढलं, बाटली उचलली. बाटली जड लागली.

तो तसाच उभा राहिला. मग बाटली हलवली. आत पाणी वाजलं.

त्यानं वर पाहिलं. खाली पाहिलं. अंगणातल्या धुळीत कोंबडीची पावलं उमटलेली होती, कोरडी ठक्क. त्यानं काचेचं माप भरलं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. चार वेळा अर्धा-अर्धा इंच झाला. पाचव्यांदा तळाशी थोडं राहिलं. तो गुडघे टेकून, एक डोळा मिटून बघत राहिला. चार सेंट.

"काय पडलं?" कुंपणावरून वारलू.

"दोन इंच चार सेंट," लटारू म्हणाला.

वारलूनं काडी थुंकली. "कुठी?"

"इथी. यात."

"बाप्पा! अन् माह्या घरावर काऊन नाई पडला? मधात चार हाताचं अंतर हाय."

रजिस्टर समोर होतं. जे दिसेल ते लिहायचं. पाणी दिसत होतं. त्यानं लिहिलं, २.०४. एका इंचाच्या वर म्हणजे तार. त्यानं पटका गुंडाळला आणि शिळी भाकरही न खाता तीन कोसांची वडशाची वाट धरली.

स्टेशनावरचा तारबाबू कमरुद्दीन त्याला ओळखत होता. जूनमध्ये दोनदा लटारूनं तार केली होती. कमरुद्दीननं फॉर्म घेतला, वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि लटारूकडं खालून वर पाहिलं.

"लटारूभाऊ, गुडघ्यापर्यंत धूळ हाय तुमच्या पायाले. अन् गावात दोन इंच पाऊस?"

"भांड्यात पडला."

"सिर्फ भांड्यात?"

"बाकी कुठी नाई पडला बाबू. पन भांड्यात हाय तं मी काय करू? लिहिलं नाई तं गुन्हा होते."

"मी काय बोलू?" कमरुद्दीननं यंत्राकडं हात नेला. "मी तर तारवाला. ऊपरवाल्यानं मापून तुमच्याच बाटलीत घातला असन."

यंत्र कडकडलं आणि कुरंडटोल्याचा पाऊस निघून गेला.

परतताना लटारू ओव्हरसियरच्या कचेरीत गेला. आकडा तिथंही द्यावा लागायचा. देवतळे टेबलाशी बसून सायकलची चेन पुसत होता. त्यानं आकडा ऐकला आणि आनंदानं फडकं खाली ठेवलं.

"छान झालं! दोन इंच म्हणजे रोवण्यापुरतं झालं. तलावाचं पाणी वाचलं."

"साहेब, बांधीत थेंब नाई."

"रजिस्टरात आहे का?"

"हाय."

"मग बांधीत नसून कसं चालेल? आता उद्यापासून पुन्हा एक. पंधरा झाले की ये."

लटारू संध्याकाळी घरी पोचला तेव्हा त्याच्या टाचेला फोड आला होता. मनकर्णानं पाय धुवायला पाणी दिलं, भाताचं ताट मांडलं. तो जेवता जेवता सगळं सांगत गेला. उद्यापासून पुन्हा एक, म्हणाला, आणि पंधरा दिवसांनी पऱ्हे बैलालाही घालता येणार नाहीत. मनकर्णाची वरण वाढणारी पळी मधेच थांबली.

"तं मंग पानी पाहून सरकार मानलं नाई?" तिनं विचारलं.

"कोन्तं पानी?"

पळीतून वरण त्याच्या ताटाबाहेर सांडलं.

"अवो," लटारू म्हणाला, "कोन्तं पानी?"

"तुमी वावराकडे गेल्ते पहाटे, तवा. खुंटीवरची किल्ली घेतली. गडवाभर घातलं. डोक्स भादरून टाका माह्यं." तिनं पदर तोंडात घातला. "मले वाटलं, कोरड्या भांड्यात सरकार तरी काय पाह्यन. साहेब म्हनला होता..."

त्याला खूप राग यायला हवा होता. पण तीन कोस जाऊन, तीन कोस येऊन, बायकोनं घातलेलं पाणी आपण सरकारला तारेनं कळवून आलो, हे त्याला एकदम दिसलं आणि रागाच्या जागी ठसकाच आला. मनकर्णानं त्याची पाठ चोळली. ठसका गेल्यावर तो म्हणाला, "दीडेक इंच कमी घातला असता तं निदान चालनं तरी वाचलं असतं."

दुसऱ्या दिवशी शून्य लिहून तो पुन्हा वडशाला.

"तार करा बाबू. काल पाऊस नाई पडला. बायकोनं पानी घातलं."

कमरुद्दीननं छापील फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. "हे पाहा. इथी गावाचा नंबर, इथी तारीख, इथी इंच, इथी सेंट. यात बायकोसाठी रकाना नाई."

"मंग आता?"

कमरुद्दीननं दाढी खाजवली. "तुमचे बोरवणकर साहेब ब्रह्मपुरीत आले हायेत, भांडे तपासून राह्यले. कालपासून त्यांच्याच तारा येऊन राह्यल्या. विचारतात, का कुरंडटोल्याचा आकडा बरोबर हाय का? मी आपल्या तरफनं कळवतो, का शक हाय, येऊन पाहा. पण भाऊ, साहेबापुढं बायकोचं नाव नोका घेऊ. सरकारी यंत्राले हात लावला म्हून केस होऊ शकते."

ही गोष्ट लटारू घरी घेऊन आला. रस्ताभर त्याच्या टाचेपेक्षा तीच जास्त बोचत होती.

अठरा तारखेला सकाळी बैलांची दमणी आली. दमणीत बोरवणकर साहेब, मागं सायकलवर देवतळे, त्याच्या पायजम्याला चिमटे. लटारूच्या अंगणात बसायला जागा उरली नाही. वारलूनं साहेबासाठी स्वतःची खाट आणली. म्हणाला, माझा तेवढाच हातभार. साहेबानं आधी आजचं शून्य तपासलं, रजिस्टर पाहिलं, मग अंगणातल्या भेगेत काडी घालून पाहिली. काडी वीतभर आत गेली.

"लटारू, परवा सकाळचे मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतचे आकडे नकाशावर मांडले," साहेब म्हणाला. "इकडचा सगळा मुलूख कोरडा. मधे तुमच्या गावावर दोन इंच. नकाशावाल्यानं तुमच्या एकट्या गावाभोवती एक गोल काढला. केवढा, तर कुंकवाच्या टिकलीएवढा. सगळे विचारतात, पाऊस परत फिरला का? मला खरं सांग. या भांड्यात पाणी कोणी घातलं?"

रुखमा म्हातारी एकदम पदर सावरू लागली.

"ज्यानं घातलं त्याच्यावर कारवाई होऊ शकते," देवतळे म्हणाला.

"मीच सांडलं साहेब," लटारू म्हणाला. "हात धुताना. माह्याच लोट्यानं."

मनकर्णा दारात होती. तिनं चौकट घट्ट धरली.

"लोटा आण," साहेब म्हणाला.

लोटा आला. साहेबानं तो काठोकाठ भरायला लावला, नरसाळ्यात ओतायला लावला आणि बाटलीतलं पाणी स्वतः मोजलं. "तीन इंच दहा सेंट. हा तुझा लोटा नव्हे. खोटं बोलतोस."

लोकांत कुजबूज झाली. भांड्यानं लटारूला पकडलं! आतापर्यंत ज्याला ते नुसता डबा समजत होते त्याच्याकडं सगळे जरा मान देऊन पाहू लागले.

"त्याले काय विचारता," रुखमा पुढं आली. "मी घातलं. म्हातारं मानूस हाय, मले काय करता ते करा. माह्या तांब्यानं घातलं."

तिचा तांब्या आला. एक इंच बासष्ट.

"आजी, तुम्हीही नाही."

"पाह्यलं?" वारलू आनंदानं म्हणाला. "याले कोर्टातच ठेवा साहेब. वकिलाची गरज नाई पडनार."

"तू गप्प राह्य रे," रुखमा म्हणाली. "साहेब, थोडं सांडलं असन येता येता. म्हातारे हात हायेत."

"सांडलं तर कमी भरेल आजी. तुमचं आधीच कमी आहे. वाढेल कसं?"

रुखमेनं तांब्या पालथा करून त्याच्या आत पाहिलं, जणू उरलेलं पाणी तिथंच लपलं होतं.

मग मनकर्णा दारातून उतरली. आखडलेल्या मानेमुळं ती सरळ भिंतीसारखी चालत आली. तिच्या हातात पितळी गडवा होता.

"ह्या गडव्यानं घातलं," ती खाली पाहून म्हणाली. "या दोघायचं नोका आयकू."

"साहेब, ते..." लटारू मधे पडला.

साहेबानं गडवा भरला, ओतला, मोजला. "दोन इंच चाळीस."

"हेही जुळत नाही," देवतळे म्हणाला. "छत्तीस सेंट जास्त. म्हणजे गावातलं कोणीच नाही. म्हणजे पाऊसच."

"मीच घातलं!" मनकर्णा पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. आपणच गुन्हा केला आणि तोही कोणी धरत नाही, हे तिला सोसेना. मग तिला आठवलं. "तवा भरला होता गडवा. पन फाटक उघडताना घसा सुकला. भेव वाटत होतं. म्हून एक घोट पेली, अन् मंग घातलं."

बोरवणकर साहेब पहिल्यांदा हसला. "किती मोठा घोट?"

"घोटाएवढा."

"पिऊन दाखवा."

गडवा पुन्हा भरला. सगळं गाव पाहत होतं. मनकर्णानं अंग फिरवून लोकांकडं पाठ केली, गडवा वर धरला आणि एक घोट घेतला. लटारूला तिच्या गळ्याची शीर हललेली दिसली. एवढ्या वर्षांत आपण तिला पाणी पिताना कधी पाहिलंच नव्हतं, असं त्याला वाटलं. ती नेहमी कामात असायची.

साहेबानं मोजलं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्यांदा माप डोळ्यासमोर धरलं. अंगणातली माणसंही साहेबासोबत खाली वाकली.

"दोन इंच दोन सेंट."

"घोट जरा मोठा झाला," रुखमा म्हणाली. "लोक पाहून राह्यले तं होते तसं."

"दोन सेंटांचा फरक," देवतळे बोट वर करून म्हणाला. "म्हणजे दोन सेंट पाऊस उरतोच. शून्य नाही. माझा नियम शून्याचा."

वारलू ओरडला, "देवतळे साहेब, दोन सेंटात तुमच्या सायकलचं शीट बी भिजत नाई!"

"नियम म्हणजे नियम."

साहेबानं माप रिकामं केलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. "देवतळे, दहा सेंटांच्या आत असेल तो पावसाचा दिवस आम्ही धरतच नाही. दिवस कोरडाच लागतो. चार तारखेपासून मोजा. आज किती?"

देवतळ्यानं बोटं मोजली. अंगणातल्या सगळ्यांनीच मोजली. "पंधरा," तो नाखुशीनं म्हणाला.

आरडाओरडा झाला. देवतळ्यानं हात वर केला. "थांबा! मला तोंडी चालणार नाही. रजिस्टरात शेरा लागेल. कोणी घातलं, काय घातलं, सगळं. माझ्या अंगावर यायला नको."

"बरोबर," साहेब म्हणाला. "लटारू, लिही. रजिस्टर तुझं आहे, अक्षर तुझंच पाहिजे. कारवाई वगैरे काही होणार नाही. चूक माझीही आहे. सरकार मानत नाही, असं मीच बोलून गेलो."

लटारूनं रजिस्टर मांडीवर घेतलं. सोळा तारखेच्या ओळीत, अगदी उजवीकडं, शेऱ्याचा रिकामा खण होता. दीड महिन्यात त्यात त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यानं टाक बुडवला आणि लिहू लागला. जीभ दातांत आली. 'माझ्या बायकोने...'

"बायको म्हणजे कोण?" देवतळे त्याच्या खांद्यावरून वाचत होता. "बायको सगळ्यांनाच असते. नाव लिही."

लटारूचा हात थांबला. गावात तिला सगळे पार्डीवाली म्हणत. तिचं माहेर पार्डी. सासू जिवंत होती तोवर ती पार्डीवालीच म्हणायची. लटारू म्हणायचा, अवो. सतरा वर्षं तेवढ्यावर चाललं होतं. बायकोचं नाव चारचौघांत घेणारा नवरा त्यानं उभ्या कुरंडटोल्यात पाहिला नव्हता.

"पार्डीवाली लिहिलं तं नाई चालनार?" त्यानं विचारलं.

"गावाचं नाव चालत नाही. गावानं पाणी घातलं का?"

"लिही ना बे," वारलू म्हणाला. "तुडूम तुह्या बायकोच्या नावावर अडून राह्यलं."

"तुले मालूम तरी हाय का तिचं नाव?" रुखमा म्हणाली, आणि अंगणात असं हसू उठलं की मनकर्णा घरात पळाली.

लटारूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं पुन्हा टाक बुडवला. म काढला. न काढला. क काढला. मग अडला. त्या नावात एक अक्षर असं होतं की ज्याच्या डोक्यावर काहीतरी चढायचं, आणि ते कुठं चढतं ते त्याला प्रौढांच्या वर्गात नीट कळलंच नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. आधी आवाज नव्हता. मग थोडा आला.

"मन... कर्... मनकर्णा." त्यानं साहेबाकडं वर पाहिलं. "साहेब, र वर जाते का खाली?"

"वर," साहेब म्हणाला. "णाच्या डोक्यावर. शेंडीसारखा."

लटारूनं शेंडी काढली. शाईचा एक ठिपका पडला, पण तो शेंडीतच मिसळून गेला. पुढचं सोपं होतं. लिहून झाल्यावर साहेबानं सही केली, देवतळ्यानं सही केली, आणि देवतळे सायकलवर बसून तलावाकडं निघाला. त्याच्यामागं अख्खं गाव धावलं. वारलू स्वतःची खाट डोक्यावर घेऊनच धावला. साहेबाची दमणी वाटेला लागली.

अंगणात लटारू एकटाच उरला. शाई वाळावी म्हणून तो पानावर फुंकर घालत होता. मनकर्णा दारात आली.

"गेले?"

"गेले."

ती जवळ येऊन उकिडवी बसली. "वाचून दावा. काय लिहिलं ते."

लटारूनं बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचला. "मनकर्णा लटारू हिने भांड्यात पाणी घातले. आधी एक घोट पेली. पाऊस शून्य."

"घोट काऊन लिहिला?" ती चिडून म्हणाली. "माह्या घोटाचं सरकारले काय करा लागते?"

"घोट नसता तं दोन इंच चार सेंट पाऊसच पडला असता."

तिनं ते पान थोडा वेळ पाहिलं. "यातलं कोन्तं मी?"

त्यानं दाखवलं. तिनं शाईला न शिवता, वरून, हवेतच बोट फिरवलं. म्हणाली, "लय जागा लागली." मग तलावाकडून पाचपन्नास माणसांचा एकदम आवाज आला. खुंटा निघाला होता. मनकर्णा उठली, लुगड्याचा काष्टा वर खोचला, पऱ्हे बांधायच्या दोऱ्या खुंटीवरून काढल्या आणि मान ताठ ठेवून वावराच्या वाटेला लागली.

लटारू रजिस्टर घरात ठेवून बाहेर आला तेव्हा ती बरीच पुढं गेली होती. पाटात पाणी आलं होतं. पुढं वाळका पाला ढकलत, भेगांत शिरत, थांबत, पुन्हा निघत ते तिच्यासोबतच वावराकडं चाललं होतं. त्यानं अवो म्हणायला तोंड उघडलं, आणि दुसरंच निघालं.

"मनकर्णा!"

ती थबकली. मान वळत नव्हती, आणि सगळं अंग काही तिनं फिरवलं नाही. पाठमोरीच म्हणाली,

"सरकारसाठी लिहिलं तेवढं पुरे झालं. आता गावभर हाका नोका मारू. चाला लवकर, दोन बांध्या रोवा लागतीन आज."

पण ती लगेच पाय उचलून निघाली नाही. तो गाठेपर्यंत पाटाच्या पाण्यात तशीच उभी राहिली.